वसाहतीतील शेजार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त धुळे येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव-समितीने 'लहान वसाहतीतील आपले जीवन' हा विषय आमच्या स्वाधीन केला, तेव्हा आम्हांस क्षणभर संकोच वाटला. अशा प्रसंगी व्यासपीठावरून संतांची चरित्रे सांगावी, मिशनरी धर्मगुरूंनी उन्हातान्हात काढलेले दिवस वर्णावे, देवळाच्या बांधकामाचा हिशेब द्यावा, असा प्रघात आहे. आणि ती कामे आमच्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केलीही आहेत. आमच्या वाट्यास आले ते नळाचे पाणी, गच्चीवरील कुरडया आणि शेजारणीचे ताट. परंतु विचार करता असे दिसून आले की, आठवड्याचे तास १६८. त्यांतील एखाददुसरा तास आपण देवळात असतो, काही तास नोकरीधंद्यात जातात, आणि बाकीचे सारे या ना त्या वसाहतीत, कोणाच्या तरी कुंपणाला कुंपण लावून जातात. तेव्हा हा विषय क्षुल्लक आहे, असे म्हणावयास आम्ही तयार नाही.

शिवाय 'पॅरिश' हा जो शब्द आपण नित्य उच्चारतो, त्याचे मूळ पाहिले म्हणजे हा विषय देवळाच्या दारातच उभा आहे, असे ध्यानात येते. ग्रीक भाषेत 'पारा' म्हणजे बाजूस आणि 'ओइकोस' म्हणजे घर. 'पारोइकोस' म्हणजे घराच्या बाजूस राहणारा. पण तो जन्मसिद्ध नागरिक नव्हे, बाहेरून येऊन राहिलेला, गावाने ज्यास राहू दिले आहे असा. प्रेषित पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांस याच नावाने संबोधिले आहे. लूककृत शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य त्या अनोळखी सोबत्यास, तुम्ही येथे परके आहात की काय, अशा अर्थाचे विचारतात. तेथेही मूळ भाषेत याच शब्दाचे क्रियापद आहे. आणि तो परका कोण, हे त्यांस कळले केव्हा, तर सायंकाळी त्यास घरी नेऊन जेवावयास बसविल्यानंतर. सारांश, आपण ज्यास धर्मग्राम म्हणतो, तो मुळाशी पाहता उपऱ्यांचा शेजार आहे.

उपरेपणाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहो. धुळ्याच्या पेठांतील मंडळी पांझरेच्या उत्तरेस, देवपुरात, राहणाऱ्या आम्हांस थट्टेने 'कॉलनीवाले' म्हणतात. त्यांस आम्ही विनयपूर्वक इतिहासाची आठवण देऊ इच्छितो. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला आणि १८१९ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले, तेव्हा हे नदीकाठी बागाइताने वेढलेले लहानसे गाव होते. वस्ती वाढावी म्हणून त्याने नव्या पेठेत घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, दूरदूरचे कारागीर बोलाविले, आणि पक्की घरे बांधण्यास जुन्या रहिवाशांस तसेच परक्यांसही आगाऊ रकमा दिल्या. म्हणजे सरळ रस्त्यांच्या ज्या पेठेचा अभिमान ते आज बाळगतात, ती एके काळची कॉलनीच होय!

जळगावची कथाही फारशी निराळी नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, त्यामुळे आपल्याकडील कापसास भाव आला, रेल्वेही आली, आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. तेथील पोलन पेठेचे नाव एका इंग्रज अधिकाऱ्याचे आहे, हे तिच्यात नित्य खरेदी करणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल? १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावी राहिले; कचेरीमागोमाग कारकून आले आणि कारकुनांमागोमाग घरे. पुढे महामार्गाच्या आजूबाजूस महाबळ, रामानंद नगर, गणपती नगर अशी वस्ती पसरत गेली. प्रथम पेठ, मग कॉलनी, मग नगर. नाव बदलते, परंतु येणारा मनुष्य तोच असतो: बदलीचा हुकूम खिशात घेऊन आलेला.

आम्ही स्वतः आयुष्याचा पूर्वार्ध जळगावास महाबळच्या बाजूस काढिला आणि उत्तरार्ध देवपुरात काढीत आहो, म्हणून दोन्हीकडचे थोडेफार अनुभवाने बोलतो. अशी वसाहत जन्मते ती कागदावर. कोणा शेतकऱ्याचे रान बिनशेती होते, गट क्रमांकाचे तुकडे पडतात, चुन्याच्या रेघा मारल्या जातात, आणि काल जेथे कपाशी होती तेथे आज प्लॉट क्रमांक १७ व १८ होतात. मुंबईस गावदेवीत सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था १९१५ साली निघाली. तेथे निदान ज्ञातीचा धागा होता. आमच्या गल्लीत एस. टी.चे कंडक्टर, प्राथमिक शाळेचे गुरुजी, बँकेतील कारकून, इस्पितळातील परिचारिका आणि पेन्शनीत निघालेले एक फौजी शेजारी शेजारी आले, ते केवळ प्लॉटच्या क्रमांकामुळे. कोणाचे मूळ गाव साक्रीकडे, कोणाचे चोपड्याकडे, आमच्यासारख्यांचे तर नगर जिल्ह्यात. कोणी कोणाचा भाऊबंद नाही. नकाशात एक खुली जागा सर्वांची म्हणून सोडलेली असते. तिच्यात बाग करावी, मंदिर बांधावे की मुलांना खेळू द्यावे, या वादात आमची वीस वर्षे गेली, आणि ती वीस वर्षे मुले तेथे खेळली, हेच बरे झाले.

मग हा शेजार जोडला कशाने? आम्ही निःशंकपणे सांगतो, पाण्याने. धुळ्यास तापीचे पाणी येते, नकाणे, डेदरगाव आणि हरणमाळ येथील तलावांचे येते. परंतु नळास ते केव्हा येईल, हे मात्र नळच जाणे. उन्हाळ्यात कित्येक दिवसांनी एकदा, आणि तेही पुष्कळदा अपरात्री. आमच्या गल्लीत एक वयस्क बाई होत्या. सारे त्यांस आक्का म्हणत. निवृत्त गुरुजी आप्पा यांच्या त्या पत्नी. त्यांची झोप सावध असे. नळात हवेचा पहिला फुत्कार झाला की त्या उठत, कंदिलाच्या काळापासूनची सवय म्हणून हातात बॅटरी घेत, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अहिराणीत हाक देत जात: "पानी उनं! पानी उनं!" कोणाशी त्यांचे त्या आठवड्यात बोलणे नसले, तरी त्याच्या दारी हाक थोडी अधिक मोठ्याने होई. शब्द वेगळा, राग वेगळा आणि पाणी वेगळे, असा त्यांचा न्याय होता.

याच पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीने कित्येक शतके पाणी वाटले गेले आहे. नदीवर बंधारा घालावयाचा, त्याखालील शेतीचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाटकरी ज्यास पाणी सोडील त्याने त्या वेळी घ्यावयाचे. तेथेही पाटावरचे सारे शेतकरी एका घराण्याचे नसत. पाणी एक, म्हणून माणसे एक. आमच्या मते आक्का या आमच्या गल्लीच्या पाटकरीण होत्या, यद्यपि त्या हुद्द्याचा पगार त्यांस कधी मिळाला नाही.

पाण्याखालोखाल ताट. वैशाखात खानदेशचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, परंतु त्याच उन्हात गच्च्यांवर बिबडे, पापड, कुरडया वाळतात, आणि आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशा पाळीने बाया लाटावयास बसतात. नाताळात आमच्या घरून करंज्या आणि बिनअंड्याचा केक जाई. आखाजीस आक्कांकडून पुरणाची खापरावरची पोळी येई. आणि कोणतेही ताट रिकामे परत जात नसे, निदान साखरेची चिमूट तरी त्यात असे. केवळ एका गोष्टीत त्या ओशाळत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. तिचे रोट बहुतेक घरांत भाऊबंदांतच खावयाचे असतात, बाहेर द्यावयाचे नसतात. आक्का दुसऱ्या दिवशी भाजीपोळीचे ताट घेऊन येत आणि म्हणत, "भाऊ, रोट देवता येत नही, मनमां आनू नका." आम्ही हसून म्हणत असू, यात मनात आणण्यासारखे काय आहे? त्या उत्तराची परतफेड पुढे कशी झाली, ते थोड्या वेळाने सांगतो.

आता आपल्या मंडळीविषयी. आपण येथे किती थोडे आहो, हे आज या मंडपात बसल्यावर ध्यानात येत नाही. उद्या सकाळी येईल. वसईचे, गोव्याचे, मंगळुरी, केरळी, नगरकडचे, आणि नंदुरबारच्या डोंगराळ भागातून आलेले आदिवासी बांधव, असे आपण रविवारी एका मिस्सेस जमतो. कोणाच्या घरी कोकणी, कोणाच्या घरी मलयाळम, कोणाच्या घरी मावची. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली आणि आपली लोकभाषा मराठी ठरली. मिस्सा संपली की एक कुटुंब वलवाडीकडे, एक साक्री रोडकडे, एक पार मोहाडीकडे जाते, आणि प्रत्येक जण आपल्या गल्लीत एकटा कॅथलिक असतो. पहिल्या पिढीस हे जड गेले. म्हणून अधूनमधून एक सूचना पुढे येते की, आपण सर्वांनी मिळून देवळानजीक प्लॉट घ्यावे आणि आपली स्वतंत्र वसाहत करावी.

या सूचनेमागील भावना आम्ही जाणतो. मुलांस सोबत मिळेल, म्हाताऱ्यांस मिस्सा चुकणार नाही. तथापि 'मिशन कंपाउंड' नावाची वस्तू आपल्या महाराष्ट्राने पाहिली आहे. प्रथम निराधारांस आसरा म्हणून ती उभी राहिली आणि कित्येकांस तिने खरोखर वाचविलेही. परंतु पुढे आतल्यांस बाहेरचे आणि बाहेरच्यांस आतले परके झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, परंतु या अंतराची खंत त्यांच्याइतकी फार थोड्यांनी केली असेल. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तो, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताचा अनुयायी म्हणविणाऱ्या सर्वांस एकत्र बसता यावे म्हणून. दोनच वर्षांनी, १९१९ साली, त्यांचे निधन झाले.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आम्हांस भूषणावह नाही. परंतु महोत्सवात केवळ भूषणेच मांडावी असे कोठे आहे?

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आक्का वारल्या. पहाटे पाच वाजता आप्पांच्या दारी माणसे जमू लागली. तो दिवस आपल्या देवळाच्या सणाचा होता. मंडपाचे काम, पाहुणे धर्मगुरूंची व्यवस्था, गायनमंडळाची पेटी, ही सारी आमच्याकडे होती. आम्ही दारावरून गेलो, दोन मिनिटे उभे राहिलो, आप्पांच्या खांद्यावर हात ठेविला आणि देवळाकडे निघून आलो. अंत्ययात्रेस गेलो नाही. सायंकाळी भ्रमणध्वनीवर सांत्वनाच्या दोन ओळी पाठविल्या, आणि द्वारदर्शनास गेलो तो पाचव्या दिवशी, पाव तास. सण उत्तम पार पडला. आमची स्तुतीही झाली. त्यानंतरच्या पाळीस नळास रात्री दोन वाजता पाणी आले आणि गेले. गल्लीत कोणासही कळले नाही. सकाळी रिकामी टाकी पाहून आम्ही पंप तपासू लागलो; तेव्हा आमच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, "पंप ठीक आहे. हाक मारणारं कोणी राहिलं नाही."

दोन वर्षे लोटली. मे महिन्यात आमच्याच गल्लीतील एक वृद्ध कॅथलिक गृहस्थ, एकटे राहणारे, दुपारी झोपेतच वारले. मुलगा परदेशी, कन्या वसईस. दोघांस पोहोचावयास दुसरा दिवस उजाडणार. तेव्हा त्यांच्या दारी प्रथम कोण आले असेल? आप्पा. काठी टेकीत आले, जोडे काढले आणि त्यांनी आम्हांस विचारले, "तुमच्यात काय काय लागतं, ते सांगा भाऊ, आम्हाला माहीत नाही." शीतपेटी आणावयास फौजी गेले. बर्फ आला. घरात चूल पेटविणारे कोणी नव्हते, म्हणून पलीकडून पिठले-भाकरी आली. आपल्या चार कुटुंबांनी रात्री जपमाळ म्हटली, तेव्हा अंगणात तीसेक माणसे बसून होती. त्यांस शब्द ठाऊक नव्हते, परंतु एकही उठून गेले नाही. आप्पा पहाटेपर्यंत खुर्चीवर होते. आम्ही त्यांस घरी जाऊन पडावयाची विनंती केली, तेव्हा म्हणाले, "मला तशीही झोप येत नाही." त्यांनी आम्हांस आक्कांच्या दिवसाची आठवण करून दिली नाही. दिली असती, तर आम्हांस काहीसे हलके वाटले असते.

दुसऱ्या दिवशी देवळात मृतासाठी मिस्सा झाली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आप्पाही रांगेच्या बाजूस उभे राहिले. आम्ही त्यांस हळूच बाजूस घेतले आणि मोठ्या संकोचाने सांगू लागलो की, हा प्रसाद ज्यांनी दीक्षा घेतली आहे त्यांनाच देतात, यात अनादर नाही, आणि मनात आणू नये. आमचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच त्यांची मुद्रा उजळली. "हाई आमना रोटना मायकच शे मंग!" ते म्हणाले, म्हणजे, हे आमच्या रोटांसारखेच आहे तर. आणि निवांतपणे बाकावर जाऊन बसले. बंधुभगिनींनो, धर्मशास्त्राचे पंडित या तुलनेत दहा उणिवा काढतील, आणि त्या खऱ्याही असतील. परंतु आमच्यातील या नाजूक नियमाचा राग न मानता त्याचा अर्थ इतक्या त्वरेने घेणारा मनुष्य आम्हांस दुसरा भेटलेला नाही. आणि तो त्यांस घेता आला, याचे कारण आक्कांनी दरवर्षी आमच्या दारी येऊन मागितलेली ती क्षमा.

पेटी खांद्यावर घेणाऱ्या सहांपैकी चौघे आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. दफन झाल्यावर घरी येऊन आम्ही आप्पांपुढे उभे राहिलो आणि दोन वर्षांपूर्वी जे म्हणावयाचे ते म्हटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तिला वाईट वाटलं असतं. मला वाटलं." एवढेच. त्यांनी ते गोड करून सांगितले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे. महोत्सवाच्या स्मरणार्थ देवळाच्या आवाराची भिंत उंच करावी आणि मागील बाजूस गल्लीकडे उघडणारे लहान फाटक कायमचे बंद करावे, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. त्याची कारणे खोटी नाहीत. दोन वेळा दिवे चोरीस गेले. गुरे आत येतात. दिवसही पूर्वीसारखे निर्धास्त राहिलेले नाहीत, आणि अल्पसंख्य माणसास भिंतीची ओढ अधिक असते. आम्ही स्वतः गतवर्षी या प्रस्तावास अनुकूल होतो, हेही कबूल करतो. परंतु त्या फाटकातून जातो कोण, ते एकदा पाहावे. शाळेची मुले वळसा वाचवून जातात. टंचाईत देवळाच्या बोअरचे पाणी न्यावयास बाया हंडे घेऊन येतात. पवित्र मरियेच्या गुहेपुढे शनिवारी सायंकाळी मेणबत्ती लावून जाणाऱ्यांत आक्काही असत. काय मागत, ते त्यांनी कधी सांगितले नाही. शिवाय गल्लीतील घरांना एकेक करून कुलुपे लागत आहेत. मुले पुण्यास गेली, मागे राहिलेली माणसे सत्तरीच्या पुढची आहेत, त्यांस पुढच्या मोठ्या दारापर्यंतचा वळसा झेपणारा नाही. भिंत उंच करावयाची तर खुशाल करावी, दिव्यांस जाळ्या बसवाव्या, गुरांसाठी फाटकाशी लोखंडी आडवे गज घालावे. त्या खर्चातील आमचा हिस्सा आम्ही आजच देतो. फाटक मात्र राहू द्यावे. प्रस्ताव मतास येईल तेव्हा आमचे मत विरुद्ध म्हणून नोंदवावे, आणि आम्ही पूर्वी अनुकूल होतो हेही इतिवृत्तात लिहावे.

अधिक बोलण्याची इच्छा आहे, परंतु आज रात्री देवपुरात पाण्याची पाळी आहे आणि कित्येक भगिनींचे लक्ष घड्याळाकडे लागले आहे. आमच्या गल्लीत हाक देण्याचे काम सध्या आप्पा व आम्ही आळीपाळीने करतो. आजचा वार आमचा आहे.